‘तुमचे घर विध्वंसक आहे’ : आपत्तीची पोर्तुगीज विशेषणे शिकतानाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका प्रौढ विद्यार्थिनीचे आहे. मराठी ही तिची मातृभाषा. दोन वर्षांपासून ती माझ्याकडे ऑनलाइन पोर्तुगीज शिकत होती आणि ब्राझील सरकारच्या सेल्पी-ब्रास या भाषाप्रावीण्य परीक्षेची तयारी करत होती. कामाच्या निमित्ताने ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे या शहरातील एका सहकाऱ्याशी तिचा जवळजवळ रोज संपर्क असे. दोघांचीही ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत. पोर्तुगीज शब्द ब्राझीलमधील उच्चाराला जवळ जातील अशा रीतीने देवनागरीत लिहिले आहेत. पोर्तुगालमध्ये त्यांतले बरेच शब्द वेगळे ऐकू येतात.

एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला मी तिला ‘आपत्ती आणि शोक’ या विषयावरील ६४ विशेषणांची यादी दिली होती. डाव्या रकान्यात पोर्तुगीज शब्द, कोशात असतो तसा पुल्लिंगी एकवचनी रूपात, आणि उजव्या रकान्यात एक-दोन मराठी प्रतिशब्द, अशी तिची साधी रचना होती. त्राजिकु म्हणजे दुःखद, दुर्दैवी. देवास्तादोर म्हणजे उद्ध्वस्त करणारा, विध्वंसक. लामेन्ताव्हेउ म्हणजे खेदजनक. देझालोजादु आणि देझाब्रिगादु या दोन्हींपुढे ‘बेघर’. तिने प्रत्येक शब्दाचे कार्ड केले, यादी पाठ केली आणि तोंडी चाचणीत ६४ पैकी ६१ शब्द बिनचूक सांगितले. मी समाधानी होते, आणि या प्रकरणातील पहिली चूक माझ्या त्या समाधानातच होती.

त्याच महिन्याच्या अखेरीस ब्राझीलच्या दक्षिणेकडील रिओ ग्रांदे दो सुल राज्यात पाऊस सुरू झाला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोर्तो आलेग्रेला लागून असलेल्या ग्वाईबाच्या पाण्याने १९४१ च्या पुरातील ४.७६ मीटरची पातळी ओलांडली, आणि पुढे राज्यातील ४९७ पैकी ४७८ नगरपालिका क्षेत्रे बाधित म्हणून नोंदवली गेली. सहकाऱ्याच्या घरात पाणी शिरले. त्याने गटात एक छोटा निरोप टाकला: आम्ही ‘देझालोजादुस’ आहोत, बायकोच्या बहिणीकडे आलो आहोत, कोणी ‘फेरीदु’ म्हणजे जखमी नाही.

अडचण कशी समोर आली

विद्यार्थिनीने त्याला पोर्तुगीजमध्ये उत्तर लिहिले, पाठवले आणि मग मला दाखवले. उत्तरात चार वाक्ये होती:

‘की नोतीसिया द्रामाचिकु! आ सुआ काझा इस्ता देवास्तादोरा. ए लामेन्ताव्हेउ. आस व्हीचिमास साउँ मुइंतु त्राजिकुस.’

तिला म्हणायचे होते ते असे: किती धक्कादायक बातमी! तुझे घर उद्ध्वस्त झाले आहे. फार वाईट झाले. बळी पडलेले लोक किती दुर्दैवी. प्रत्यक्षात पोहोचले ते साधारण असे: किती नाट्यमय बातमी! तुझे घर विध्वंसक आहे. ही खेदजनक बाब आहे. आणि चौथ्या वाक्याचा तर नीट अर्थच लागत नव्हता. त्यात भर म्हणजे देवास्तादोर हे विशेषण सौंदर्याबद्दल बोलतानाही, ‘पाहणाऱ्याला घायाळ करणारे’ या अर्थाने वापरतात; त्यामुळे दुसरे वाक्य अगदीच तिरकसपणे वाचले तर ती घराची स्तुतीही ठरली असती.

सहकाऱ्याचे उत्तर आले ‘ओब्रिगादु’, म्हणजे धन्यवाद, एवढेच. त्यावरून तो दुखावला असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हते. ज्याच्या घरात पाणी आहे आणि जो दुसऱ्याच्या घरी राहतो आहे, तो लांबलचक उत्तरे लिहीत बसत नाही. पण एरवी चार ओळी लिहिणाऱ्या माणसाचा एकच शब्द आल्यावर विद्यार्थिनी अस्वस्थ झाली. “मॅडम, मला सगळे शब्द येत होते, तरी असं का झालं?” हा तिचा प्रश्न रास्त होता.

मी त्या वेळी जे केले ते नोंदवणे आवश्यक आहे. मी लाल अक्षरांत चार दुरुस्त्या केल्या. द्रामाचिकुचे द्रामाचिका केले, देवास्तादोराचे देवास्तादा, त्राजिकुसचे त्राजिकास, आणि एका स्वरावर राहिलेले आघातचिन्ह दिले. ‘ए लामेन्ताव्हेउ’ या वाक्याला मी हातही लावला नाही, कारण व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष होते. दुसऱ्या दिवशी निरोप पुन्हा वाचताना लक्षात आले की पूरग्रस्त माणसाच्या कानाला सर्वांत खटकणारे वाक्य बहुधा तेच असावे.

चुकांचे मूळ

पहिली चूक प्रत्ययाची. देवास्तार या क्रियापदापासून दोन विशेषणे होतात: देवास्तादोर हे उद्ध्वस्त करणाऱ्याला लागते, देवास्तादु हे उद्ध्वस्त झालेल्याला. पूर, भूकंप, आग यांच्यासाठी पहिले. शहर, घर, शेत, माणूस यांच्यासाठी दुसरे. आसुस्तादोर म्हणजे भीतिदायक आणि आसुस्तादु म्हणजे घाबरलेला, देझोलादोर म्हणजे मन विषण्ण करणारा आणि देझोलादु म्हणजे विषण्ण किंवा ओसाड, अशा जोड्या आपत्तीच्या शब्दसंग्रहात पदोपदी भेटतात. माझ्या यादीत या जोड्यांपैकी फक्त ‘दोर’वाली रूपे होती, कारण विषय ‘आपत्तीचे वर्णन’ असा होता आणि आपत्ती ही करणारी असते असे मी गृहीत धरले होते. आपत्तीबद्दल बोलणारी माणसे बहुतेक वेळा ती ज्यांच्यावर कोसळली त्यांच्याबद्दल बोलत असतात, हे यादी करताना माझ्या ध्यानात आले नाही.

दुसरी चूक लिंग-वचनाची, आणि ती मला अधिक विचार करण्याजोगी वाटते. मराठी माणसाला विशेषण बदलण्याची सवय नसते असे मुळीच नाही. मोठा पूर, मोठी आग, मोठे वादळ हे आपण न शिकताच बोलतो. मात्र आपत्तीसाठी मराठीत जे शब्द हाताशी येतात ते बहुतेक संस्कृतातून आलेले आहेत आणि ते हलत नाहीत: भीषण पूर, भीषण आग, भीषण वादळ; हृदयद्रावक घटना, हृदयद्रावक प्रसंग. एरवी ‘काझा बोनीता’ म्हणजे सुंदर घर असे बरोबर लिहिणारी ही विद्यार्थिनी नेमकी शोकाच्या विशेषणांपाशी अडखळत होती, त्याचे कारण मला हे दिसते. तिच्या मनात ‘भीषण’ होता आणि भीषणाला स्त्रीलिंग नसते. पोर्तुगीजमध्ये मात्र त्राजेजिया म्हणजे शोकांतिका स्त्रीलिंगी, देझास्त्री म्हणजे आपत्ती पुल्लिंगी, एन्शेन्ची म्हणजे पूर स्त्रीलिंगी, तेहेमोतु म्हणजे भूकंप पुल्लिंगी, आणि विशेषणाला त्यांच्यामागे जावेच लागते. तेहीव्हेउ म्हणजे भयंकर, फाताउ म्हणजे प्राणघातक, यांसारख्या शब्दांना लिंग नसले तरी वचन असते: तेहीव्हेइस, फाताइस. व्हीचिमा, म्हणजे बळी, हा शब्द तर पुरुषासाठी वापरला तरी स्त्रीलिंगीच राहतो, त्यामुळे चाळीस वर्षांच्या पुरुषाबद्दलची बातमीसुद्धा ‘आ व्हीचिमा फोय सोकोहीदा’, म्हणजे ‘जखमीला मदत मिळाली’, अशी स्त्रीलिंगी रूपात छापली जाते.

तिसरी चूक थेट माझ्या उजव्या रकान्यातून आली. मराठीत ‘दुर्दैवी’ हा शब्द घटनेलाही लागतो आणि माणसालाही: दुर्दैवी मृत्यू, दुर्दैवी प्रवासी. त्राजिकुचे तसे नाही. मृत्यू, अपघात, शेवट, योगायोग त्राजिकु असतात. ज्यांच्यावर तो प्रसंग ओढवला त्या माणसांना तो शब्द सहसा लावत नाहीत. एका प्रतिशब्दाने विद्यार्थिनीला चुकीच्या दारातून आत नेले होते.

लामेन्ताव्हेउची गोष्ट वेगळी. तिथे प्रतिशब्द अगदी अचूक होता. ‘खेदजनक’ हा मराठीतही निवेदनांचा, पत्रकांचा, सभागृहातल्या निषेधाचा शब्द आहे, आणि त्यात दुःखापेक्षा नापसंतीचा सूर अधिक असतो. शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरले तर आपण त्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘ही बाब खेदजनक आहे’ असे म्हणत नाही. हे विद्यार्थिनीला मराठीत पक्के ठाऊक होते. पण कार्डावर अर्थ लिहिला की शब्दाचा सूर कार्डाबाहेर राहतो, आणि परक्या भाषेत आपण अर्थालाच सूर समजून चालतो.

देझालोजादु आणि देझाब्रिगादु हे दोन शब्द तिने निरोपात वापरले नव्हते, पण सहकाऱ्याचा निरोप वाचताना तिची गफलत झाली होती. तो सरकारी छावणीत राहतो आहे असा तिचा समज झाला. ब्राझीलच्या नागरी संरक्षण यंत्रणेच्या परिभाषेत घर सोडावे लागून सरकारी निवाऱ्याची गरज असलेला तो देझाब्रिगादु, आणि घर सोडावे लागले तरी नातेवाईक, मित्र यांच्याकडे सोय झालेला तो देझालोजादु. त्या काळात रिओ ग्रांदे दो सुलमध्ये रोज निघणाऱ्या पत्रकांत निवारा केंद्रांतील लोक, देझालोजादुस, जखमी, बेपत्ता आणि मृत यांचे आकडे वेगवेगळे दिलेले असत. ‘बेघर’ या एका शब्दाने मी हा फरक पुसून टाकला होता.

विचारात घेतलेले पर्याय

यादी तशीच ठेवून उजवा रकाना सुधारणे, हा पहिला पर्याय होता. प्रत्येक शब्दापुढे अधिक काटेकोर अर्थ, सूर औपचारिक की घरगुती याची खूण आणि स्त्रीलिंगी-अनेकवचनी रूपे द्यायची. काम सोपे होते, विद्यार्थिनीची पाठांतराची सवय उपयोगी पडली असती, आणि परीक्षेला पाचच महिने होते. पण ६४ शब्दांची शिदोरी आणखी जड करून ती वापरता येईल याची मला खात्री वाटेना.

दुसरा पर्याय निव्वळ व्याकरणाचा होता: लिंग-वचनाचे सराव, ‘दोर’ आणि ‘दु’ यांचे तक्ते. त्याने पहिल्या दोन चुका आटोक्यात आल्या असत्या. लामेन्ताव्हेउला धक्काही लागला नसता.

तिसरा पर्याय विद्यार्थिनीनेच सुचवला. शोकप्रसंगी विशेषणे वापरायचीच नाहीत, ‘सिंतु मुइंतु’ म्हणजे ‘मला फार वाईट वाटते’ एवढे म्हणून थांबायचे. सहकाऱ्यापुरता हा सल्ला उत्तम होता आणि तो आम्ही तत्काळ पाळलाही. परीक्षेसाठी तो पुरेसा नव्हता. सेल्पी-ब्रासच्या लेखी भागात चार कामे असतात; एक चित्रफितीवर, एक ध्वनिफितीवर आणि दोन लेखी मजकुरावर आधारलेली. प्रत्येक कामात कोण लिहितो आहे, कोणासाठी आणि कशासाठी हे सांगितलेले असते. वर्तमानपत्राला पत्र लिहिताना आपत्तीचे वर्णन ‘सिंतु मुइंतु’ने भागत नाही.

परीक्षेच्या या स्वरूपाकडे पाहतानाच चौथा पर्याय सुचला. शब्दांची विभागणी अर्थानुसार न करता बोलणाऱ्यानुसार करायची: बातमीदार काय म्हणतो, सरकारी पत्रक काय म्हणते, ज्याच्यावर वेळ आली तो काय म्हणतो, आणि त्याचे सांत्वन करणारा काय म्हणतो. यादीतले शब्द वगळायचे आणि खऱ्या मजकुरात जे विशेषण ज्या नामाला चिकटलेले दिसेल ती जोडीच वहीत उतरवायची. यात वेळ अधिक जाणार होता आणि शब्दसंख्या घटणार होती. तरी हाच पर्याय स्वीकारला.

केलेली कार्यवाही

आधी निरोप. चुकीचा निरोप दुरुस्त करून पुन्हा पाठवावा का, यावर आमचे मतभेद झाले. तिला आधीच्या निरोपाबद्दल माफी मागायची होती. माझे मत असे पडले की पूरग्रस्त माणसाला आपल्या व्याकरणाची कैफियत ऐकवणे हा त्याच्यावर आणखी एक भार आहे. शेवटी तीन दिवसांनी तिने नवा निरोप पाठवला, ज्यात जुन्याचा उल्लेख नव्हता. त्याचा आशय असा: जे झाले त्याबद्दल सिंतु मुइंतु, कोणाला इजा झाली नाही हे बरे झाले, बातमी ऐकून ‘फिकेई आबालादा’, कामाची काळजी करू नका, तुमच्या वाट्याचे दोन अहवाल मी पाहते.

यातील आबालादा या शब्दावर आम्ही बराच वेळ घालवला. आबालु म्हणजे हादरा. भूकंपाच्या धक्क्याला ‘आबालु सीझ्मिकु’ म्हणतात, आणि मनाने हादरलेला माणूस आबालादु, स्त्री असेल तर आबालादा. मराठीत भूकंपाचाही हादरा असतो आणि ‘मी हादरून गेले’ असेही आपण म्हणतो, त्यामुळे या शब्दाला प्रतिशब्दाची गरजच पडली नाही. शिवाय पहिल्या निरोपातली सगळी विशेषणे बातमीवर, घरावर, बळींवर चिकटवलेली होती. दुसऱ्यात एकमेव विशेषण बोलणारीने स्वतःला लावले. हा बदल मी सुचवला नव्हता. वाक्य तिचे तिनेच रचले, फक्त शब्द मी पुरवला.

मग सरावाचे मजकूर निवडायचे होते. रोज डोळ्यांसमोर असलेल्या पुरापासूनच सुरुवात करावी असा माझा पहिला विचार होता, कारण मजकूर भरपूर आणि ताजा होता. विद्यार्थिनी म्हणाली, “तिथे माझ्या ओळखीचा माणूस आहे. त्याच्यावर मी विशेषणांचा सराव करू शकणार नाही.” तिचे म्हणणे मी मान्य केले आणि आम्ही २६९ वर्षे मागे गेलो.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास लिस्बनला भूकंपाचा धक्का बसला. चर्चमधून मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. आगी लागल्या आणि त्या अनेक दिवस धुमसत राहिल्या, आणि दरम्यान तेजु नदीच्या मुखातून त्सुनामीचे पाणी शहरात शिरले. कार्मु मठाच्या चर्चच्या बिनछपराच्या कमानी आजही उभ्या आहेत. इतक्या दूरच्या घटनेवर हात मोकळा चालतो. तिने लिहिलेले पहिले बिनचूक वाक्य असे होते: ‘उ तेहेमोतु फोय देवास्तादोर, आ सिदाजी फिकोउ देवास्तादा.’ भूकंप विध्वंसक होता; शहर उद्ध्वस्त झाले. मराठीतल्या ‘होता’ आणि ‘झाले’ यांच्या जागी पोर्तुगीजमध्ये फोय आणि फिकोउ येतात, हे या वाक्यात आपोआप दिसले आणि नंतर ‘फिकोउ फेरीदु’, ‘फिकारांउ देझालोजादुस’ या रचना तिला वेगळ्या शिकवाव्या लागल्या नाहीत. ओघात हेही कळले की पोर्तुगालमध्ये भूकंपाला तेहेमोतु न म्हणता ‘तेर्रामोतु’ म्हणतात.

तीन आठवड्यांनी आम्ही २०२४ च्या बातम्यांकडे आलो. तेव्हा पाणी ओसरू लागले होते आणि तिचा विरोधही. वहीत जोड्या उतरू लागल्या आणि बऱ्याच ठिकाणी मराठी वर्तमानपत्री भाषेने मदत केली. आपल्या वाहिन्या ‘विचलित करणारी दृश्ये’ असा इशारा देतात, तिथे ब्राझीलमध्ये ‘इमाजेंस फोर्चिस’ म्हणजे शब्दशः ‘जोरकस दृश्ये’ म्हणतात. आपल्याकडे ‘भीषण आग’ लागते, तिथे आग ‘जि ग्रान्जिस प्रोपोर्सोइंस’, म्हणजे मोठ्या व्याप्तीची असते. विशेषणाच्या जागी तीन शब्दांचा तयार साचा. फोर्ची हा साधा शब्द पावसालाही लागतो आणि वाऱ्यालाही, आणि माझ्या ६४ शब्दांत तो नव्हताच, कारण तो मला ‘आपत्तीचा’ वाटला नव्हता.

‘एन्शेन्ची इस्तोरिका’ ही जोडी तिने आधी चूक म्हणून खोडली. मराठीत ऐतिहासिक विजय असतो, ऐतिहासिक निर्णय असतो. पुराला तो शब्द लावला की त्यात नको तो अभिमान डोकावतो. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ नोंदींतील आजवरचा मोठा पूर असा कोरडा आहे, आणि पोर्तो आलेग्रेत १९४१ ची पातळी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे माप असल्यामुळे २०२४ च्या पुराला हाच शब्द लागणे स्वाभाविक होते.

पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, दुष्काळग्रस्त असे शब्द मराठीत ‘ग्रस्त’ लावून हवे तितके घडवता येतात. पोर्तुगीजमध्ये असा प्रत्यय नाही. तिथे आचिंजीदु, म्हणजे ‘ज्याला तडाखा बसला तो’, हे विशेषण नाम म्हणून वापरतात आणि पुढे कशाचा तडाखा ते सांगतात. ईशान्य ब्राझीलमधील दुष्काळग्रस्तांसाठी फ्लाजेलादु हा जुना शब्दही आहे. यादीत दोन्ही नव्हते.

फाताउ या शब्दावर मात्र मला बाजू घ्यावी लागली. ब्राझीलच्या बातम्यांत ‘व्हीचिमास फाताइस’ म्हणजे ‘मृत बळी’ सर्रास म्हटले जाते, आणि चोखंदळ संपादक त्यावर आक्षेप घेतात: जे मृत्यू घडवते ते फाताउ, त्यामुळे अपघात फाताउ असू शकतो, बळी नव्हे. पोर्तुगालमध्ये ‘मोर्ताइस’ म्हणतात. ऐकून समजावे, लिहिताना ‘मोर्तुस’ म्हणजे मृत एवढेच लिहावे, असे मी तिला सांगितले. हा आक्षेप किती ताणावा याबद्दल माझे स्वतःचे मत अजून डळमळीत आहे, पण परीक्षार्थीने वादग्रस्त रूपापासून दूर राहिलेले बरे.

शेवटचा मजकूर ब्रुमाजिन्युचा होता. २५ जानेवारी २०१९ रोजी मीनास जेराइस राज्यातील या गावाजवळ खाणीच्या गाळाचे धरण फुटले आणि २७० माणसे गेली. मृतांचे नातेवाईक २७२ मोजतात, कारण त्यांत दोन गर्भवती स्त्रियांची बाळे होती. आणि गेलेल्यांना ते ‘जोयास’, म्हणजे रत्ने, म्हणतात. विद्यार्थिनीने सारांशात ‘आसिदेन्ची त्राजिकु’ म्हणजे दुर्दैवी अपघात असे लिहिले. लिंग, वचन, नामाशी जोडी, सगळे बरोबर. मी तिला नातेवाइकांच्या संघटनेचा मजकूर वाचायला दिला. त्यात आसिदेन्ची हा शब्दच नाकारलेला आहे. ते ‘त्राजेजिया-क्रीमी’ म्हणतात, एकाच दमात शोकांतिका आणि गुन्हा. दैवाकडे बोट दाखवणारे विशेषण नकोच, असे त्यांचे म्हणणे. तिने आपला सारांश दोनदा लिहिला, एकदा बातमीदाराच्या आणि एकदा नातेवाइकाच्या बाजूने, आणि दुसऱ्या मसुद्यात विशेषणे तीनच उरली.

परिणाम

चार महिन्यांनंतर वहीत ३८ जोड्या होत्या. लेखी कामात लिंग-वचनाच्या चुका तुरळक उरल्या आणि बहुतेक वेळा ती स्वतःच त्या पकडू लागली. अनोळखी विशेषण भेटले की ती आता ‘याचा अर्थ काय’ असे न विचारता ‘हे कोण कोणाला म्हणतं’ असे विचारते. यादीतले सुमारे निम्मे शब्द ती विसरली. त्यांपैकी कालामितोझु, फुनेस्तु यांसारखे शब्द रोजच्या बोलण्यात क्वचितच भेटतात, त्यामुळे मला त्याची खंत नाही.

बोलण्यात मात्र सुधारणा अर्धवटच झाली. सेल्पी-ब्रासच्या तोंडी भागात वीस मिनिटांचा संवाद असतो. सरावाच्या संवादात पुराचे चित्र पाहून ती भराभर बोलत गेली आणि ‘एउ फिकेई आसुस्तादोरा’ म्हणाली, म्हणजे ‘मी भीतिदायक झाले’. वहीत ती जोडी तिच्याच अक्षरात होती. आम्ही दोघीही हसलो, पण लिहिताना पक्का झालेला फरक जिभेवर यायला वेगळा सराव लागतो आणि तो मी ठेवलाच नव्हता, हे त्यातून स्पष्ट झाले.

वेगळे काय करता आले असते

यादी देतानाच प्रत्येक विशेषणासोबत निदान एक नाम द्यायला हवे होते आणि ‘दोर’ची रूपे ‘दु’च्या रूपांबरोबरच शिकवायला हवी होती. तोंडी चाचणीही शब्दाचा अर्थ विचारून घ्यायची नव्हती. ‘शेजारणीच्या घराला आग लागली, तिला काय म्हणाल’ असे विचारले असते तर ६४ पैकी ६१ चा भ्रम पहिल्याच दिवशी फिटला असता.

निरोप तपासताना आधी सूर आणि मग व्याकरण पाहायला हवे होते. तांबड्या शाईची सवय उलट्या क्रमाची असते आणि ती मोडणे मला अजूनही जड जाते.

ब्रुमाजिन्युचा मजकूर शेवटी ठेवण्याचा निर्णय योग्य होता की नाही, याबद्दल मी साशंक आहे. तो आधी वाचला असता तर कोण बोलतो हा मुद्दा लवकर उमगला असता. पण सहकाऱ्याचे घर पाण्यात असताना तो मजकूर वाचणे तिला जड गेले असते, असेही वाटते. मजकुरांच्या क्रमाबाबत विद्यार्थिनीला आधी विचारायचे, एवढा बदल मी पुढच्या वर्गांसाठी केला आहे.

पुढची नोंद

ऑगस्टमध्ये सहकाऱ्याचा मोठा निरोप आला. भिंतींवरचा चिखल निघाला होता, दारे बदलायची बाकी होती. त्यात एक वाक्य होते: ‘आ जेन्ची आइंदा इस्ता आबालादु.’ आम्ही अजून हादरलेलेच आहोत. विद्यार्थिनीने ते मला पाठवले आणि खाली विचारले: “व्हीचिमा पुरुष असला तरी विशेषण स्त्रीलिंगी. मग ‘आ जेन्ची’ स्त्रीलिंगी असून इथे आबालादु कसं? त्याची चूक झाली का?”

चूक नव्हती. बोलीतल्या ‘आ जेन्ची’चा अर्थ ‘आम्ही’, आणि तिथे विशेषण शब्दाकडे न पाहता माणसांकडे पाहते. ‘आम्ही’मध्ये तो होता आणि त्याची बायको होती.